काचेची बुचे सोडविणे

रसायने ठेवण्याच्या काही बाटल्यांची मान आतून व तिचे काचेचे बूच बाहेरून निमुळते घासून ती एकमेकांत चपखल बसतील अशी केलेली असतात. प्रमाणित सांध्याचा निमुळतेपणा १ : १० असतो, म्हणजे लांबीच्या दर १० मिमी.मागे व्यास १ मिमी.ने कमी होतो. घासलेल्या पृष्ठभागांमधील फट अतिशय अरुंद असल्याने बाष्प सहसा बाहेर पडत नाही. पण याच फटीत द्रव शिरून सुकला, की बूच अडकते. ते नुसत्या जोराने पिळल्यास मान तुटून हाताला खोल जखम होण्याचा व रसायन अंगावर उडण्याचा धोका असतो. म्हणून बाटलीत कोणता पदार्थ आहे व बूच कशामुळे अडकले, हे प्रथम ठरवावे लागते.

कारणे : सोडियम हायड्रॉक्साइडासारख्या तीव्र क्षारकाची काचेतील सिलिकेशी विक्रिया होऊन सिलिकेट तयार होते व सुकल्यावर ते सिमेंटाप्रमाणे पृष्ठभाग सांधते. लवणांच्या विद्रावातील पाणी उडून गेल्यास फटीत स्फटिक जमतात. जुने वंगण कालांतराने घट्ट होते. गरम बाटलीला थंड बूच लावल्यास निवताना मान आकुंचन पावते, शिवाय आतील दाब कमी होऊन वातावरणाचा दाब बूच खाली रेटतो.

पद्धती : सुरक्षा चष्मा व जाड हातमोजे घालून आणि बाटलीभोवती कापड गुंडाळून काम करतात. बुचाच्या कडेला लाकडी मुठीने समोरासमोरच्या बाजूंनी आळीपाळीने हलकेच ठोकतात. त्याने न सुटल्यास लवणांसाठी पाणी, क्षारकाच्या थरासाठी विरल हायड्रोक्लोरिक अम्ल व वंगणासाठी योग्य विद्रावक फटीभोवती घालून काही तास वा दिवस ठेवतात. केशाकर्षणाने द्रव आत शिरतो. मात्र बाटलीतील पदार्थाशी धोकादायक विक्रिया होईल असा द्रव वापरत नाहीत.

उष्णतेच्या पद्धतीत मानेवर गरम पाण्यात भिजविलेले कापड गुंडाळतात किंवा दोरीचा वेढा देऊन ती मागेपुढे ओढतात. बुचाआधी मान प्रसरण पावणे हे यातील तत्त्व होय. २४ मिमी. व्यासाची सोडा-चुना काचेची मान बुचापेक्षा ५०° से.ने अधिक तापल्यास तिचा व्यास सु. ०·०१ मिमी.ने वाढतो. निमुळतेपणामुळे बूच ०·१ मिमी. वर सरकण्यास एवढी वाढ पुरते. बोरोसिलिकेट काचेचे प्रसरण याच्या सु. एकतृतीयांश असल्याने ती उष्णता चांगली सोसते, पण तिचे बूच या रीतीने सुटणे अवघड असते. बूचही तापले की फरक नाहीसा होतो. म्हणून ते लगेच फिरवून पाहतात व न सुटल्यास पूर्ण निवल्यावरच क्रिया पुन्हा करतात.

धोके : ज्वालाग्राही द्रवाच्या बाटलीजवळ ज्योत नेत नाहीत. अमोनियाचा संहत विद्राव व ब्रोमीन यांच्या बाष्पाचा दाब आत साठलेला असू शकतो. अशा बाटल्या आधी थंड करून धूर खेचणाऱ्या कपाटात उघडतात. डायएथिल ईथर किंवा टेट्राहायड्रोफ्यूरान दीर्घकाळ हवेच्या संपर्कात राहिल्यास स्फोटक पेरॉक्साइडे बनतात आणि सुकलेले पिक्रिक अम्लही घर्षणाने स्फोट पावू शकते. अशा जुन्या बाटल्यांचे बूच फिरविणे, ठोकणे वा तापविणे वर्ज्य असून त्या न हलविता तज्ञांकडे सोपवितात.

प्रतिबंध : क्षारकांसाठी रबरी बूच किंवा पॉलिथिनाची बाटली वापरणे, बूच लावण्यापूर्वी मान पुसून कोरडी करणे, रिकामी बाटली ठेवताना मान व बूच यांमध्ये कागदाची पट्टी घालणे आणि जेथे वंगण चालत नाही तेथे टेफ्लॉनाचे आवरण बसविणे हे उपाय योजतात.