वीज कंपनीची बॅटरी आपल्या घरात: सही करण्याआधी हिशोब मांडा

घरातून धंदा करणाऱ्याची लाइट गेली की नुसता अंधार होत नाही, त्या दिवसाची कमाईही जाते. म्हणून आज अमेरिकेतलं एक उदाहरण बघू.

व्हरमाँट राज्यात ग्रीन माउंटन पॉवर ही वीज कंपनी ग्राहकाच्या घरी टेस्लाच्या दोन पॉवरवॉल बॅटऱ्या भाड्याने बसवते. 2020 मध्ये मंजूर झालेल्या योजनेत दर होता 10 वर्षं महिना 55 डॉलर, किंवा एकरकमी 5,500 डॉलर.

यात कंपनीचा फायदा काय? मागणी एकदम वाढली की वीज महाग पडते. तेव्हा कंपनी याच बॅटऱ्यांतली वीज वापरते. वादळाचा अंदाज असला की मात्र त्या भरून ठेवते.

सामील होण्याआधी तीन गोष्टी तपासा:

1. एकूण खर्च: 55 गुणिले 120 महिने म्हणजे 6,600 डॉलर. हप्त्याने 1,100 जास्त जातात, पण भांडवल हातात राहतं.

2. लोड: दोन्ही मिळून 27 युनिट. सतत 1 किलोवॅट लागत असेल तर साधारण 27 तास. ओव्हन धरून 3 किलोवॅट झाले की फक्त 9 तास.

3. ताबा: बॅटरी कंपनीची, वेळही तीच ठरवणार. आपल्यासाठी राखीव किती, करार मध्येच सोडला तर काय, हे लेखी घ्या.

आपल्याकडचा इन्व्हर्टर बहुतेक वेळ नुसता पडून असतो. तिथे एकच बॅटरी दोघांच्या कामाला येते, म्हणून भाडं परवडतं. तुमच्या धंद्यातली कुठली वस्तू अशी पडून आहे? आजच वहीत लिहून काढा.