खाऱ्या दलदलीतील वनस्पती व गाळातील धातू

खारी दलदल म्हणजे भरतीच्या पाण्याखाली नियमितपणे जाणारा, क्षार सहन करणाऱ्या गवतांनी व झुडपांनी व्यापलेला किनारी भूभाग होय. उद्योग, खाणी व शहरांचे सांडपाणी यांतून आलेले जस्त, शिसे, तांबे, कॅडमियम, पारा इत्यादी धातू येथील गाळात साठतात. ते तेथेच बद्ध राहतील की अन्नसाखळीत उतरतील, हे बऱ्याच अंशी वनस्पतींवर अवलंबून असते.

धातूंचा साठा

दाट खोडांमुळे भरतीच्या पाण्याचा वेग मंदावतो आणि त्यातील सूक्ष्म कण खाली बसतात. धातू मुख्यतः याच कणांना व सेंद्रिय द्रव्यांना चिकटलेले असतात. पृष्ठभागाखाली थोड्याच खोलीवर ऑक्सिजन संपतो. तेथील जीवाणू समुद्राच्या पाण्यातील सल्फेटापासून सल्फाइड तयार करतात. त्याच्याशी संयोग होऊन अनेक धातू अविद्राव्य होतात.

मुळांचे कार्य

या वनस्पतींच्या खोडांत व मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून मुळांपर्यंत पोहोचलेला ऑक्सिजन काही प्रमाणात गाळात झिरपतो. त्याचे परिणाम परस्परविरोधी आहेत. एकीकडे सल्फाइडांचे ऑक्सिडीकरण होऊन त्यांतील धातू मोकळे होतात. दुसरीकडे विरघळलेल्या लोहाचे ऑक्साइड बनून मुळांभोवती तांबूस थर जमतो व तो इतर धातूंना धरून ठेवतो. पोर्तुगालमधील तागुस नदीच्या मुखाशी स्पार्टिना गवताच्या मुळांभोवती अशा लोहयुक्त नळ्या आढळतात. या नदीमुखाच्या दक्षिण काठावरील बारेरो येथे विसाव्या शतकात मोठा रसायनउद्योग होता.

जातींमधील फरक

शोषलेल्या धातूंचा मोठा भाग सहसा मुळांतच राहतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील स्पार्टिना अल्टर्निफ्लोरा हे गवत मात्र फ्रॅग्मायटिस या वेतासारख्या गवतापेक्षा अधिक धातू पानांत नेते आणि क्षारग्रंथींवाटे त्यांचा काही अंश बाहेर टाकते. पाने कुजल्यावर उरलेले धातू पुन्हा परिसरात मिसळतात.

महत्त्व

दलदल खणली किंवा तिची धूप झाली, तर दीर्घकाळ गाडले गेलेले धातू ऑक्सिजनच्या संपर्कात येऊन पाण्यात उतरू शकतात. त्यामुळे दलदल ही धातूंची कायमची तिजोरी मानता येत नाही. उष्ण कटिबंधात हेच स्थान मुख्यत्वे खारफुटीचे आहे. महाराष्ट्राच्या खाड्यांमधील कांदळवनांनाही म्हणूनच हा विचार लागू पडतो. खारफुटी तोडल्याने केवळ झाडे जात नाहीत, तर त्यांच्या मुळांनी धरून ठेवलेला गाळही मोकळा होतो.