पोटरीवरील एका तंत्रिकेचे पाठभेद

शारीरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील आकृती ही एखाद्या ग्रंथाच्या चिकित्सक आवृत्तीसारखी असते. तीत जे छापलेले असते, ते जसेच्या तसे कोणत्याही एका हस्तलिखितात सापडेलच असे नाही. पायातील सूरल तंत्रिकेच्या बाबतीत हे विशेषत्वाने जाणवते. लॅटिनमध्ये ‘सूरा’ म्हणजे पोटरी. त्यावरून हे नाव पडले.

मांडीच्या मागून उतरणारी सायटिक तंत्रिका सामान्यतः गुडघ्यामागील लवणीच्या वरच्या अंगाला दुभंगते. तिच्या आतील, म्हणजे टिबिअल, शाखेपासून एक त्वचागामी फाटा निघतो आणि पोटरीच्या स्नायूच्या दोन भागांमधील खाचेतून खाली येतो. बाहेरील पेरोनिअल शाखेकडून एक जोडफाटा त्याला येऊन मिळतो. हा संगम झाला की सूरल तंत्रिका सिद्ध होते. मग ती बाहेरच्या घोट्यामागून वळून करंगळीपर्यंत जाते व पावलाच्या बाहेरील कडेची संवेदना वाहून नेते.

हा झाला प्रमाण पाठ. विच्छेदनात तो बहुसंख्य पायांत आढळतो, सर्वांत नव्हे. संगम कोठे लवणीतच होतो, तर कोठे थेट घोट्याजवळ. कित्येक पायांत जोडफाटा मिळतच नाही आणि आतील फाटा एकटाच पुढे जातो. क्वचित आतील फाट्याचाच अभाव असतो व बाहेरचा सारे कार्य सांभाळतो. एकाच व्यक्तीच्या डाव्या-उजव्या पायांतही रचना भिन्न असू शकते. (चिकित्सक आवृत्तीची उपमा अर्थातच येथे सोडावी लागते, या भेदांमागे कोणताही ‘मूळ पाय’ नाही.)

या गोंधळात परिभाषेनेही भर घातली आहे. काही ग्रंथकार संगमाखालील भागालाच सूरल म्हणतात, तर काही आतील फाट्यालाही तेच नाव देतात. साहजिकच दोन अभ्यासकांची टक्केवारी परस्परांशी ताडून पाहणे जोखमीचे ठरते.

हा केवळ नामकरणाचा वाद नव्हे. ही तंत्रिका जवळजवळ संपूर्णतः संवेदी असून त्वचेलगत असते. ती काढल्यास पावलाची कड बधिर होते, परंतु चालण्याची शक्ती जात नाही. म्हणूनच हातातील तुटलेली तंत्रिका सांधण्यासाठी शल्यचिकित्सक तिचाच तुकडा घेतात. त्वचेवर चट्टा न उमटता केवळ तंत्रिकांत वसलेल्या कुष्ठरोगाचे निदानही कधी कधी तिच्या तुकड्यावरून होते. संगम अपेक्षित जागी नसेल, तर हाती येणारा धागा फारच बारीक निघतो. संवेदनवहनाच्या चाचणीत पोटरीवर, घोट्याच्या सुमारे १४ सेंमी. वर, विद्युत्‌स्पंद देतात. संगम त्याहून खाली असल्यास जोडफाट्यातील तंतू उद्दीपनाबाहेर राहू शकतात. नोंद क्षीण येते आणि निरोगी पाय रोगी भासतो. अशा वेळी दुसऱ्या पायाशी केलेली तुलनाही निर्णायक मानता येत नाही. हल्ली सोनोग्राफीने तंत्रिकेचा मार्ग आधी पाहून घेता येतो, आणि सुरी कोठे लावावी हे त्या विशिष्ट पायावरूनच ठरवता येते.