तळ्यातले मासे मरतायत? औषधाआधी खाद्य अन् पाणी बघा

शेततळ्यात रोहू, कटला मरू लागले की अनेक जण थेट अँटिबायोटिक टाकतात. त्याने माशांच्या आतड्यातले चांगले जिवाणूही मरतात. प्रोबायोटिक म्हणजे असेच चांगले जिवाणू, उदाहरणार्थ बॅसिलस. ते रोगजंतूंना आतड्यात जागा धरू देत नाहीत. खाद्यातला लसूण, हळदही प्रतिकारशक्तीला हातभार लावते. पण हे सगळं आजाराआधीचं; रोग पसरल्यावरचा इलाज नव्हे.

प्रोबायोटिक गार खाद्यातच मिसळावं, उष्णतेने जिवाणू मरतात. बुरशी आलेली शेंगदाणा पेंड घालूच नये, तिच्यातलं विष माशांचं यकृत बिघडवतं.

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील, तर बहुतेक वेळा पाण्यात ऑक्सिजन कमी पडलेला असतो. तेव्हा खाद्य थांबवून एरेटर किंवा पंपाने पाणी खेळतं करा.