बरगडीतली जन्मजात गाठ

बाळाची छाती एका बाजूने फुगलेली, दूध पिताना धाप लागते. एक्स-रेत बरगडीतून निघालेली भलीमोठी गाठ दिसते, शेजारच्या बरगड्या फाकलेल्या आणि झिजलेल्या. पहिली शंका कॅन्सरची येते, आणि ती रास्तच म्हणायची. पण ‘मेसेन्कायमल हॅमार्टोमा’ ही अगदी विरळा गाठही अशीच भीतिदायक दिसते. ती कॅन्सर नव्हे. शरीरात इतरत्र पसरत नाही.

ती जन्मतःच असते, कधी गर्भातल्या सोनोग्राफीतही सापडते. सीटी स्कॅनमध्ये कॅल्शियमचे ठिपके दिसतात. एमआरआयमध्ये रक्ताने भरलेल्या पोकळ्या, आणि त्यांत ठेवून दिलेल्या ताकासारखे दोन थर: वर निवळ, खाली दाट.

खरी गोम बायॉप्सीत आहे. तुकडा वाढत्या कूर्चेतून आला, तर पेशी इतक्या दाटीने विभागताना दिसतात की पॅथॉलॉजिस्टलाही कूर्चेचा कॅन्सर वाटू शकतो. म्हणून स्लाइडबरोबर बाळाचे वय आणि स्कॅन जायलाच हवेत. ‘छातीत गाठ’ एवढ्या चिठ्ठीवर भागत नाही.

केमोथेरपी लागत नाही. श्वास अडत असेल तर शस्त्रक्रिया करतात. नसेल तर अनेकदा नुसते लक्ष ठेवतात, कारण काही गाठी आपसूक आक्रसतात आणि बरगड्या काढलेल्या मुलांचा कणा पुढे वाकडा होऊ शकतो.