विजेच्या जोरावर टाकलेली पावलं

१९८३ साली अमेरिकेतल्या ओहायोमध्ये, राइट स्टेट विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात नॅन डेव्हिस व्हीलचेअरमधून उठली आणि चालत जाऊन तिनं पदवी घेतली. पाच वर्षांपूर्वी मोटार अपघातात तिच्या पायांतली शक्ती गेली होती. पायांना इलेक्ट्रोड लावलेले, दोन्ही बाजूंना आधाराला माणसं. हे घडवणारे जेरॉल्ड पेट्रोफ्स्की एका रात्रीत प्रसिद्ध झाले. आता व्हीलचेअर अडगळीत जाणार, असं कित्येकांना वाटलं.

तसं झालं नाही. मेंदूच्या हुकमानं चालताना स्नायूतले चिवट तंतू आधी कामाला लागतात, जोरकस पण लवकर दमणारे गरजेपुरतेच. बाहेरून आलेली वीज हा क्रम पाळत नाही. सगळ्यांना एकदम जुंपते. थोड्याच वेळात मांडी थरथरू लागते, गुडघा दगा देतो.

त्याआधीचं, १९६१ मधलं व्लादिमिर लिबरसन यांचं काम मला जास्त मोलाचं वाटतं. अर्धांगवायूनंतर ज्यांचं पाऊल जमिनीला घासतं, त्यांच्या बुटात टाचेखाली त्यांनी बटण बसवलं. टाच उचलली की गुडघ्याजवळच्या नसेला वीज मिळे आणि पाऊल वर होई. या कल्पनेवरची यंत्रं आजही लोक रोज पायाला बांधतात.

तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या ल्युब्लियानामध्ये अलोइझ क्राल्य आणि तादेय बाय्द यांनी मांडीच्या स्नायूंना वीज देऊन गुडघे ताठ ठेवले. पाऊल उचलायला मात्र वेगळी युक्ती केली. काटा रुतला की पाय आपसूक आखडतो. नसेला वीज देऊन तीच क्रिया त्यांनी घडवून आणली. पुढे वॉकरवरच्या बटणांनी चालवायचं ‘पॅरास्टेप’ आलं आणि १९९४ मध्ये त्याला अमेरिकेत सरकारी मान्यता मिळाली.

हे सगळं स्नायूपर्यंतची नस शाबूत असेल तरच. पोलिओत मज्जारज्जूतल्या, स्नायू हलवणाऱ्या पेशीच मरतात. म्हणून आपल्याकडच्या इतक्या पोलिओग्रस्तांना यातून काहीच मिळालं नाही, याची चुटपुट लागते.

नंतर संशोधकांनी स्नायू सोडून थेट मज्जारज्जूकडे मोर्चा वळवला. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ग्रेग्वार कुर्तीन आणि जोसलीन ब्लॉक यांनी २०१८ मध्ये मज्जारज्जूवर इलेक्ट्रोड बसवून रुग्णांना चालवलं. २०२३ मध्ये त्यांनी गेर्ट-यान ओस्काम या डच गृहस्थाच्या मेंदूतले संकेत बिनतारी मार्गानं त्याच्या मज्जारज्जूपर्यंत पोचवले. सरावानंतर यंत्र बंद असतानाही तो कुबड्या घेऊन चालू लागला.