सोमवारचं दीड किलो

रविवारी लग्नाची पंगत झोडून आलेला माणूस सोमवारी सकाळी वजनकाट्यावर उभा राहतो. शनिवारपेक्षा दीड किलो जास्त. धसका घेऊन तो दोन दिवस रात्रीचं जेवण सोडतो. बुधवारी काटा पुन्हा जागेवर येतो आणि उपाय लागू पडला म्हणून स्वारी खूश होते. यातला धसकाही चुकीचा आणि खुशीही.

हिशेब करून बघा. शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी साठवलेल्या असतात. दीड किलो चरबी चढवायची तर रोजच्या गरजेच्या वर साडेअकरा हजार किलोकॅलरी पोटात जायला हव्यात. तूप लावलेली एक पुरणपोळी तीनशेची धरली, तर अडतीस पोळ्या झाल्या. पैजा लावून जेवणाऱ्यांच्या जुन्या गोष्टी खऱ्या मानल्या, तरी एवढं खाल्लेला माणूस सोमवारी काट्यावर उभा राहण्याच्या स्थितीत नसतो.

मग संशय काट्यावर जातो. हजार-दीड हजाराचं यंत्र, त्याचं काय खरं धरायचं? महागातला काटा घ्यावा, असं घरात ठरू लागतं.

काच लावलेल्या डिजिटल काट्याच्या चार पायांत चार लोड सेल असतात. प्रत्येकात धातूची एक पट्टी आणि तिला चिकटवलेला स्ट्रेन गेज. तुम्ही उभे राहिलात की पट्टी अगदी किंचित वाकते, तिच्यावरचा तो नागमोडी धातूचा तंतू ताणला जातो आणि त्याचा विद्युतरोध बदलतो. हा बदल इतका सूक्ष्म असतो की तो पकडायला व्हीटस्टन ब्रिज नावाची जोडणी लागते. बारावीच्या फिजिक्स प्रॅक्टिकलला अनेकांची तिच्याशी गाठ पडलेली असेल. स्ट्रेन गेजची कल्पना १९३८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांना स्वतंत्रपणे सुचली. आज तोच तंतू सोनाराच्या काट्यापासून ट्रक तोलणाऱ्या वजनपुलापर्यंत सगळीकडे आहे. थोडक्यात, घरचा काटा स्वस्त असला तरी त्याच्या पोटातलं तंत्र कच्चं नाही.

खोट असते ती बहुधा आपल्या वापरात. सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर ठेवलेला काटा चारही पायांवर नीट टेकत नाही, आकडा वाटेल तसा येतो. बाथरूमच्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार असतो, तिथेही तीच गत. काटा उचलून दुसरीकडे ठेवला की बऱ्याच यंत्रांना शून्य नव्यानं ठरवावं लागतं, म्हणून हलवल्यानंतरचं पहिलं माप सोडून द्यावं. आणखी एक गंमत म्हणजे काही काटे आधीचा आकडा लक्षात ठेवतात. पुन्हा चढल्यावर फरक थोडा असेल तर जुनाच आकडा दाखवतात, आणि आपण म्हणतो, वा, काय अचूक मशीन आहे! ही लबाडी उघडी पाडायची तर मध्ये एकदा धान्याची पिशवी हातात घेऊन उभं राहायचं, मग पिशवी खाली ठेवून परत चढायचं. तांदळाची पाच किलोची सीलबंद पिशवी घेतली, तर दोन आकड्यांतला फरक पाचच्या आसपास यायला हवा. आला तर तुमचा काटा कामाचा आहे.

काट्यानं खरं वजन सांगितलंच पाहिजे असंही नाही. तो मोजतो ते तुमच्या भारामुळे पडणारं बल, आणि गुरुत्वाकर्षण पृथ्वीवर सगळीकडे सारखं नसतं. लंडनच्या गुरुत्वाकर्षणाला जुळवलेला काटा मुलीनं मुंबईला पाठवला, तर सत्तर किलोच्या बाबांचं वजन तो सुमारे १९० ग्रॅम कमी दाखवेल. बाबांनी तेवढ्यानं खूश व्हायला हरकत नाही. काटा रोज तेवढंच कमी दाखवत असेल, तर महिन्याभरात किती उतरलं याचं उत्तर बरोबरच येतं. वजन उतरवणाऱ्याला आकड्याच्या खरेपणापेक्षा त्याच्या सातत्याची गरज जास्त असते. स्टेशनावरच्या त्या लुकलुकत्या दिव्यांच्या मशीनचा दोष तो हाच: दादरला एक वजन, ठाण्याला दुसरं, आणि सोबत छापलेलं भविष्य मात्र दोन्हीकडे उत्तम.

तरीही सोमवारच्या दीड किलोचा उलगडा झालेला नाही. तो काट्यात नाही, शरीरात आहे, आणि बहुतेक सगळा पाण्याचा आहे.

पंगतीतलं मीठ घ्या. शरीरातल्या पेशींबाहेरच्या पाण्यात मीठ एका ठरावीक प्रमाणात असतं, लिटरमागे सुमारे नऊ ग्रॅम. सलाइनच्या बाटलीतलं प्रमाण तेच. लोणचं, पापड, मसालेभात, कुरड्या यांतून नऊ ग्रॅम मीठ जास्त गेलं, तर ते प्रमाण राखण्यासाठी शरीर जवळजवळ लिटरभर पाणी धरून ठेवतं. मूत्रपिंडं ते मीठ बाहेर काढतात, पण सावकाश. दुसरं कारण पिष्टमय पदार्थ. जिलेबी आणि भात यांतली साखर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठते. एका प्रौढ शरीरात ती अर्धा किलोच्या आसपास मावते, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी अडकून राहतं. कोठार भरलं की दोन किलो वाढले, रिकामं झालं की दोन किलो गेले. भात-पोळी बंद करणाऱ्याचे पहिल्या आठवड्यातले दोन-अडीच किलो झरझर उतरतात ते मुख्यतः असे, आणि ‘दहा दिवसांत पाच किलो’ म्हणणाऱ्या जाहिराती याच पाण्यावर चालतात. एकादशीला मात्र साबुदाणा, बटाटा आणि रताळं खाऊन हे कोठार रिकामं होण्याची शक्यता कमीच.

व्यायाम नव्यानं सुरू केला की दुखऱ्या स्नायूंत सूज म्हणून पाणी साठतं. नेमक्या त्या उत्साहाच्या पंधरवड्यात काटा वर जातो आणि अनेकांची जिम सुटते. पाळीच्या आधी कित्येक जणींचं वजन किलोभरानं, कधी त्याहून जास्त वाढतं. अर्धा लिटर पाणी प्यायलात की त्याच क्षणी अर्धा किलो वाढलात.

वजनाच्या या चढउताराचा पहिला चिकाटीचा अभ्यास एका इटालियन वैद्यानं केला. पादुआचा सांतोरिओ वर्षानुवर्षं तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून जेवायचा आणि खाल्लेलं, प्यालेलं, शरीराबाहेर टाकलेलं सगळं तोलायचा. १६१४ साली छापलेल्या पुस्तकात त्यानं लिहिलं की दिवसाकाठी आठ पौंड अन्नपाणी पोटात गेलं, तर त्यातलं सुमारे पाच पौंड डोळ्यांना न दिसता शरीरातून निघून जातं. आज आपण त्याला श्वासातली आणि त्वचेवरून उडणारी वाफ म्हणतो, आणि त्यात कार्बनही धरतो. दहा किलो चरबी पूर्ण जळाली, तर तिचे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकावाटे जातात, उरलेल्याचं पाणी होतं.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. नेमानं खाणंपिणं आवरणाऱ्याची चरबी आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरते. पाण्याचा रोजचा चढउतार एक ते दोन किलोंचा. म्हणजे शोधायची ती गोष्ट लहान आणि तिच्यावरचा गोंगाट तिच्या दुप्पट-चौपट. काटा पन्नास ग्रॅमपर्यंत आकडा दाखवतो म्हणून तो गोंगाट कमी होत नाही. दुप्पट पैसे मोजून घेतलेला काटा त्याच गोंगाटाचं आणखी बारीक माप देईल, एवढंच. दशांश चिन्हानंतरच्या आकड्याला म्हणूनच मी फारसा मान देत नाही.

उपाय कागद-पेन्सिलीचा आहे. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करायचं, लिहून ठेवायचं, आणि सात दिवसांची सरासरी काढायची. समजा सोमवारपासूनचा पहिला आठवडा असा: ७८.४, ७७.९, ७९.१, ७८.६, ७८.०, ७८.७, ७८.२. दुसरा: ७८.१, ७७.६, ७८.५, ७९.०, ७७.८, ७७.५, ७७.७. पहिला मंगळवार आणि दुसरा गुरुवार एवढेच बघितले तर किलोहून जास्त वाढ दिसते. सरासऱ्या आहेत ७८.४ आणि ७८.०. उतरतंय. पाळीचा चढउतार सात दिवसांत मावत नाही, तेव्हा बायकांनी या महिन्यातला आठवडा मागच्या महिन्यातल्या त्याच टप्प्याशी ताडून पाहावा. आणि ज्यांचा अख्खा दिवस सकाळच्या आकड्यावर हेलकावे खातो, त्यांनी रोज काट्यावर चढूच नये.

हृदयविकाराच्या काही रुग्णांना डॉक्टर रोज वजन करायला सांगतात, ते उलट याच गोंगाटासाठी. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढ म्हणजे शरीरात पाणी साठू लागल्याची खूण, आणि ती पायांवरच्या सुजेच्या आधी दिसू शकते. तिथे सरासरी काढत बसायचं नाही, फोन करायचा.

राहिला प्रश्न चरबीचा. हल्ली मोबाइलला जोडणारे स्मार्ट काटे तिचीही टक्केवारी सांगतात. ते तळपायांतून अतिशय क्षीण वीजप्रवाह सोडून रोध मोजतात आणि वय, उंची, लिंग घालून गणितानं अंदाज बांधतात. पाणी कमी प्यायलात की टक्केवारी बदलली. शिवाय प्रवाह मुख्यतः एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो, पोटाचा घेर त्याच्या वाटेत फारसा येतच नाही. पेसमेकर असलेल्यांनी असे काटे वापरायचे नसतात.

आपल्याकडे खरी अडचण पोटाचीच आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजन आणि उंची यांच्या हिशेबात दोघे जुळे भाऊ, आतून दुप्पट फरक. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार अशी ही भारतीय ठेवण मधुमेहाला पोषक असते.

म्हणून काट्याच्या वहीत महिन्यातून एकदा शिंप्याच्या टेपचाही आकडा लिहावा. टेप शेवटच्या बरगडीच्या आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध धरायची, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता. दक्षिण आशियाई पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात. पँटचा नंबर त्याजागी चालत नाही, कारण ती बहुतेक पुरुष पोटाच्या खाली बांधतात.